अंबागडची विहीर

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. गावोगावी तलाव, तलावाखाली धानाची शेते आणि जिल्ह्यातून वाहणारी वैनगंगा! पाणी म्हणजे जीवन, हे येथे कोणास समजावून सांगावे लागत नाही. अशा या जिल्ह्यात पाण्याने माणसे मारल्याची एक कथा सांगितली जाते.

तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या एका डोंगरावर अंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सरदार राजाखान पठाण याने तो सुमारे १७०० साली बांधला. पुढे किल्ला नागपूरच्या भोसल्यांकडे आला आणि त्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला. गडावरील विहिरीचे साचलेले, विषारी पाणी कैद्यांना बळजबरीने पाजीत आणि त्यातच त्यांचा अंत होई, असे सांगतात.

अशी कथा ऐकली की अंगावर काटा उभा राहतो. कोणी म्हणतो, अशा जागी भुते वावरत असतील. दुसरा कोणी हसून म्हणतो, सारे खोटे आहे. हे दोन्ही मार्ग सोपे आहेत. कारण दोहोंतही विचार करण्याचे कष्ट पडत नाहीत.

खरे पाहता, पाणी प्राणघातक व्हावयास त्यात कोणी विष कालवावे लागत नाही. ज्या विहिरीचा उपसा होत नाही तिच्यात पालापाचोळा कुजतो आणि पावसाबरोबर घाण उतरते. पाण्यात मैला मिसळला तर पटकी, विषमज्वर यांसारखे रोग पसरतात. १८५४ साली लंडन शहरात पटकीची मोठी साथ आली. दूषित हवेमुळे हा रोग होतो, असे तेव्हा पुष्कळांना वाटे. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी केली. मृत्यू पावलेल्यांपैकी बहुतेक जण एकाच सार्वजनिक विहिरीच्या पंपाचे पाणी पीत होते, असे त्यांना आढळले. त्यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. तेथेही भूत नव्हते; होते ते घाण पाणी.

मग अंबागडची कथा भुतावाचूनही खरी असू शकेल. आणि तशी ती अधिकच भयंकर वाटते. लंडनच्या लोकांना आपण काय पितो हे ठाऊक नव्हते. अंबागडच्या कैद्यांना ते ठाऊक असेलही. पण तहानलेल्या बंदिवानापुढे दुसरे पाणी नव्हते. ते कैदी कोण होते, त्यांचा अपराध कोणता होता, हे कथा सांगत नाही. तिने विहीर लक्षात ठेवली. माणसांची नावे मात्र ती विसरली.

अपराध्याला शिक्षा व्हावी, हे योग्यच आहे. परंतु त्याची तहान हे शिक्षेचे साधन होता कामा नये. भारताच्या संविधानाने जगण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीस दिला आहे. तुरुंगाचे दार लागले म्हणून तो हक्क संपत नाही.

म्हणून अंबागड चढणाऱ्याने भुताची भीती पायथ्याशीच ठेवावी. त्या निनावी कैद्यांची आठवण मात्र बरोबर न्यावी. गावाची विहीर आणि तलाव स्वच्छ राखणे व तहानलेल्याला, मग तो कोणीही असो, चांगले पाणी देणे, यातच त्या आठवणीचे सार्थक आहे.