एसीवर बर्फ जमतो तेव्हा

उन्हाळा आला की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. रात्री एसी लावून झोपलो, फजरला उठून पाहतो तर हवा येईनाशी झालेली, आत पांढराशुभ्र बर्फ आणि खाली अंथरलेली चटई ओली. बर्फ दिसला म्हणजे एसी जोरात गारवा देतो आहे, असा काहींचा समज असतो. खरे तर हे यंत्र आजारी असल्याचे लक्षण आहे.

एसीच्या आत बारीक पत्र्यांची जाळी असलेली गार कॉइल असते. खोलीतली हवा तिच्यावरून गेली की हवेतला दमटपणा पाणी होऊन नळीवाटे बाहेर पडतो. हवा पुरेशी फिरली नाही तर कॉइल शून्य अंशाखाली जाते आणि तेच पाणी गोठते. बर्फामुळे हवा आणखी अडते, आणि बर्फ आणखी वाढतो.

अशा वेळी कूलिंग लगेच बंद करावे आणि एसी फक्त फॅनवर ठेवावा. पाणी स्विचबोर्डाकडे ओघळत असेल तर मुख्य स्विचच बंद करावा. खाली टॉवेल आणि टब ठेवावा. बर्फ पूर्ण वितळायला दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने तो खरवडू नये. नळी फुटली तर किरकोळ काम मोठ्या खर्चाचे होते. बर्फ असताना तसाच एसी चालवत राहिल्यास कॉम्प्रेसरलाही धोका असतो, आणि एसीतला सर्वांत महाग भाग तोच.

मग फिल्टर काढून पाहावा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. आपल्या घरात तळणाचा धूर असतो, जुमेरातला लोबान जळतो, गाद्या-उशांचा कापूस उडतो. हे सारे जाळीवर चिकट थर होऊन बसते. पाण्याने, गरज पडल्यास सौम्य साबणाने फिल्टर धुवावा, सावलीत पूर्ण वाळवावा आणि मगच बसवावा. रोज एसी चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी हे करावे. एसीसमोर पडदा किंवा कपाट आडवे येत नाही ना, तेही पाहावे. पंखाच मंद फिरत असेल तर मात्र मेकॅनिकला बोलवावे.

फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ जमत असेल, तर गॅस कमी झाल्याची शंका येते. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब उतरतो आणि ती प्रमाणापेक्षा गार होते. इथेच अनेक घरांचे पैसे वाया जातात. दर उन्हाळ्यात मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. म्हणून मेकॅनिकला आधी विचारावे : गळती कुठे आहे? ती बंद केल्यावर पंपाने नळ्यांतली हवा काढणार का? आणि बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर जितके वजन लिहिले आहे, तितकाच गॅस मोजून भरणार का? नव्या एसींतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून गळतीच्या कामाच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ शेगडी, अगरबत्ती पेटवू नये.

शेवटची गोष्ट तापमानाची. रिमोट १६ वर ठेवला म्हणून खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर मात्र न थांबता चालतो, आणि फिल्टर मळका असेल तर बर्फाला वाट मिळते. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २४ वर एसी आणि सोबत छताचा पंखा मंद, एवढे बहुतेक घरांना पुरते. वजूचे पाणीही जपून वापरण्याची शिकवण आपल्याला आहे. विजेचा इसराफही त्याच हिशेबात धरायला हवा. या जुम्याच्या आधी फिल्टर तेवढा धुऊन घ्या.