कुत्रा दिवसा मोकळा, रात्री बंद



काजू-आंब्याच्या बागायतीत आपलं कुत्र्याशिवाय भागत नाही. माकडं हाकायला तोच, रात्री डुक्कर आवारात शिरला तर पहिला भुंकणार तोच. पण त्याची सोय बघाल तर माडाला बांधलेली दोन हात साखळी आणि उष्टा भात. माझं मत स्पष्ट आहे. रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा राखणदार नव्हे, बिबट्यासाठी ठेवलेलं आमिष आहे.

अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तो अभ्यास २०१४ साली छापून आला. वजनाच्या हिशोबात बिबट्याच्या खाण्यातला ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आपल्याकडचा बिबट्या काय वेगळा थोडाच!

लोक म्हणतात, "रातीचो कोंडलो तर राखण कोण करतलो?" अरे, भुंकणं जाळीतूनही ऐकू येतं. पडवीला लागून चिऱ्याचा कट्टा घाला, चारी बाजूंनी मजबूत जाळी मारा. वरूनही मारा, बिबट्या उडी मारतो. दिवसा मात्र आवारात मोकळा सोडा. गडगा पडलेला असेल तर आधी तो लावून घ्या, विहिरीला कठडा नसेल तर बांधा.

परड्यातलं दुसरं भय फुरश्याचं. चिऱ्यांचे ढीग, सोडणं, चुडतं, पाचोळा यात ते बसतं आणि कुत्रा नाक घालतो नेमका तिथेच. हे ढीग घरापासून लांब करा. चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं नको, थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. माणसांना देतात तीच लस कुत्र्यालाही चालते.

तिसरं भय आपणच पेरतो. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड आणि गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या उघड्यावर टाकतो. या गोळ्या कुत्रा आवडीने खातो. झिंक फॉस्फाईडचा पोटात विषारी वायू होतो, त्यावर उतारा नाही. आमिष बिळात घालून बीळ बुजवा, मेलेले उंदीर गोळा करून पुरा. गोगलगायी संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली जमतात, सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मग गोळ्या लागतच नाहीत.

बाकी त्याला फार काही नको. सावली हवी, पण नारळ धरलेल्या माडाखालची नको. दिवसभर पाणी हवं. एका कोपऱ्यात माती उकरायला मोकळी ठेवा, तिथेच तो रमतो, मग तुमची मिरचीची रोपं वाचतात. रेबीजची आणि लेप्टोची लस दरवर्षी द्या. लेप्टो कुत्र्याच्या मुतातून माणसालाही होतो, म्हणजे ही लस घरच्या पोरांसाठीही आहे.

जुनी जाळी आणि उरलेले चिरे बहुतेकांच्या परड्यात पडलेले असतात. पावसाआधी एक दिवस काढा. तुमच्याकडे काय सोय केलीत ती पण लिवा.