पुढच्या आठवड्यात शाळेत काय आहे, आणि मॅडम कुठे आहेत?



आपल्या शाळांच्या बातम्या सध्या वरच्या दिशेनेच जातात. उपक्रम झाला की फोटो, फोटो झाला की लिंक, लिंक भरली की केंद्राच्या ग्रुपवर ‘माहिती सादर’. हे काम आपण सगळेच करतो, इमानदारीत करतो. वृक्षारोपण झालं हे तालुक्याला कळतं, जिल्ह्याला कळतं. पण येत्या सोमवारी शाळेत काय होणार आहे हे शाळेपासून दोनशे पावलांवर राहणाऱ्या आईला शनिवारी माहीत असतं का? बहुतेक ठिकाणी नसतं. तिला कळतं ते सोमवारी संध्याकाळी, पोरगं घरी आल्यावर, आणि तेही अर्धंच.

माझं म्हणणं साधं आहे. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी पुढच्या आठवड्याची बातमी शाळेच्या दारात लिहिलेली असली पाहिजे. तिच्यात दोन गोष्टी हव्यात: कोणत्या दिवशी काय आहे, आणि कोणते शिक्षक कोणत्या दिवशी शाळेत नाहीत. पहिल्या गोष्टीला कुणाचा विरोध नसतो. दुसरी म्हटली की आपल्याच लोकांच्या कपाळावर आठ्या येतात. म्हणून तिच्याबद्दलच जास्त बोलते.

आमची शाळा मराठवाड्यातली, पहिली ते चौथी, पट ४१, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे, आणि सरांकडेच मुख्याध्यापकाचा प्रभार. अशा शाळा राज्यात ढिगाने आहेत, त्यामुळे मी काही वेगळं सांगत नाही. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, असं शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे. आता या दोघांतला एक जण प्रशिक्षणाला गेला, पंचायत समितीत बैठकीला गेला, मतदार यादीच्या कामाला गेला, तर अर्धी शाळा बाहेर गेली. राहिलेला एक जण चार वर्ग सांभाळतो. त्याच दिवशी आहाराचं धान्य येतं, त्याच दिवशी कुणाचं तरी पोरगं पडतं, त्याच दिवशी फोन येतो की अमुक माहिती एक तासात पाठवा.

गावाला यातलं काय दिसतं? ‘आज गुरुजी आले नाहीत.’ एवढंच. पारावर बसलेल्या माणसाला प्रशिक्षण दिसत नाही, बंद वर्ग दिसतो. मग पुढचं वाक्य तयारच असतं, सरकारी शाळा अशीच. आणि पुढच्या जूनमध्ये त्या घरातलं पोरगं पिवळ्या बसमध्ये बसतं. पट कमी का होतो यावर आपण शिक्षण परिषदेत खूप चर्चा करतो. त्यातलं एक कारण मला हे वाटतं, की आपण कुठे आहोत हे आपण लोकांना सांगतच नाही.

२००९ च्या कायद्याचं कलम २७ बहुतेक शिक्षकांना पाठ आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. हे कलम आपण स्टाफरूममध्ये एकमेकांना म्हणून दाखवतो. पालकांना मात्र ते कधी ऐकवत नाही. आठवड्यामागून आठवडे फलकावर ‘सर बाहेरच्या कामाला’ असं लिहिलेलं गावाने वाचलं, तर मोजणी गावच करेल. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला जे वजन आहे ते तुमच्या-माझ्या तक्रारीला नाही. पण त्यांना माहीतच नसेल तर त्या विचारणार काय?

यावर एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले होते, ‘मॅडम, लिहून दिलं की पुरावा होतो. उद्या साहेब आले आणि फलकावरचा उपक्रम झालेला नसला तर?’ भीती खोटी नाही, असं होतंच. आमच्याकडे यावर रीत अशी आहे की लिहिलेलं पुसायचं नाही. जे झालं नाही त्यावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं. ‘पाऊस.’ ‘मॅडम अचानक प्रशिक्षणाला.’ ‘पाहुणे आले नाहीत.’ रेघ दिसू द्यायची. आलेल्या अधिकाऱ्यांपैकी दोघांनी ती रेघ पाहून चौकशी केली, कारण वाचलं आणि पुढे गेले. पालक तर रेघ मारलेलंच आधी वाचतात, हा आमचा अनुभव.

फलक कसा असतो ते सांगते, म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान व्हायला नको. फेब्रुवारीतल्या एका आठवड्याचा आमचा मजकूर साधारण असा होता. सोमवार, सर बैठकीला तालुक्याला, चारही वर्ग मॅडमकडे. मंगळवार, जंताची गोळी, पोरांना घरून जेवू घालून पाठवा, ताप असेल त्याला गोळी नाही. बुधवार, नेहमीची शाळा. गुरुवार, आठवडी बाजार असला तरी शाळा पूर्ण वेळ, पोरं बाजाराला नेऊ नका. शुक्रवार, समितीची सभा संध्याकाळी साडेपाचला, कारण हरभरा काढायला गेलेल्या बाया तेव्हाच घरी येतात. शनिवार, सकाळची शाळा, दप्तर नको, प्रत्येकाने मूठभर चिंचोके आणावेत.

झालं. यात ‘आयोजन करण्यात येत आहे’ नाही, ‘सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’ नाही. परिपत्रकाची भाषा आपल्या बोटांत इतकी भिनली आहे की आईशी बोलतानाही ‘उपस्थित राहावे’ येतं. पोरांची आई ‘संबंधित’ नसते हो. तिला ‘या’ म्हणायचं.

जंतनाशक गोळीचंच बघा. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला असतो, आपल्याकडे तारीख कधी पुढेमागे होते. गोळी चावून खायची असते. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला थोडी मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते आणि ती लवकर थांबते. हे आधी सांगितलं तर आई घाबरत नाही. आधी सांगितलं नाही आणि एका पोराने घरी जाऊन ओकारी काढली, तर संध्याकाळपर्यंत गावात ‘शाळेत पोरांना काहीतरी दिलं’ अशी बोंब होते. पुढच्या वेळी मग दहा पोरं त्या दिवशी गैरहजर. आमच्या वाडीतली एक आजी त्या मंगळवारी नातीला सोडायला आली आणि म्हणाली, ‘बाई, पोरगी म्हणली जेवूनच जायचंय, म्हणून दिवस निघायला चूल पेटवली.’ आजीला वाचता येत नाही. नात तिसरीत आहे.

इथे एक गोष्ट आपल्या कामाची आहे. फलक मी लिहीत नाही, सरही लिहीत नाहीत. आम्ही तोंडी सांगतो, चौथीची मुलं पाळीपाळीने लिहितात, तिसरीची मुलं वहीत उतरवून घेतात. घरी जाऊन वाचून दाखवणे हा शनिवारचा एकच गृहपाठ. भाषेच्या तासाला आपण सूचनाफलक वाचणे, बातमी लिहिणे असे पाठ घेतो, पण त्या बातमीवर कुणाचं काही अडलेलं नसतं. इथे अडलेलं असतं. ‘जेवू घालून’ आणि ‘जेवण घेऊन’ यांत फरक काय, हे पोराला पक्कं कळतं, कारण चुकीचं लिहिलं तर मंगळवारी चाळीस डबे येतील. दुसरीला मी त्यावरच गणित घालते. आज शनिवार, सभा शुक्रवारी, मधे किती दिवस? सोमवारी सर नाहीत, मग सर परत कधी दिसतील? वारांची नावं पाठ असणारी पण ‘परवा’ न कळणारी मुलं यात लगेच सापडतात.

‘व्हॉट्सअॅप ग्रुप आहे ना, फलक कशाला?’ असं बरेच जण विचारतात. ग्रुप आमचाही आहे. त्यात सुप्रभात येतं, शेतमालाचे भाव येतात, निवडणूक आली की बघायलाच नको. सूचना वर सरकून जाते. आणि फोन असतो बापाकडे, बाप असतो शेतात किंवा गावाबाहेर, पोरांचं आवरणारी असते आई. फलकाचा फोटो ग्रुपवर टाका, जरूर टाका, पण आधी दारात लिहा.

आणखी एक, घरून काय आणायचं हे जसं लिहितो तसं काय नको हेही लिहायला हवं. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. बऱ्याच शाळांत मुली नऊवारी नेसून, कुंकू लावून येतात, फोटो सुंदर येतो. पण ज्या घरात नऊवारी नाही, भाड्याने आणायला पैसे नाहीत, त्या घरातली मुलगी त्या दिवशी कुठे असते? हजेरीपत्रक काढून बघा. मुलींच्या शिक्षणाच्या दिवशी मुलगी घरी बसते, आणि तीही पैशावाचून. आमच्या फलकावर त्या आठवड्यात लिहिलेलं असतं, ‘साडी नको, वेश नको, आईला किंवा आजीला शाळेबद्दल एक प्रश्न विचारून या.’ फोटो साधा येतो. येऊ दे.

आता वरच्या कार्यालयांबद्दल, कारण सगळा दोष शाळेवर टाकणं बरोबर नाही. ‘अति तात्काळ’ हा शब्द ज्या दिवशी आपल्या ग्रुपवर आला नाही असा दिवस शोधावा लागेल. सकाळी दहाला सूचना, दुपारी दोनपर्यंत उपक्रम, तीनपर्यंत फोटो. असं असेल तर शनिवारी लिहिणार काय? पण ठरवलं तर वरूनही वेळेत कळवता येतं. २०२४ मध्ये २२ ते २८ जुलै शिक्षण सप्ताह झाला, त्याचे दिवसवार विषय आधीच ठरलेले होते. शैक्षणिक साहित्य, पायाभूत साक्षरता, खेळ, संस्कृती, शेवटी समुदायाचा सहभाग. कोणत्या दिवशी काय हे माहीत होतं, त्यामुळे फलकावर लिहिता आलं, आणि खेळाच्या दिवशी तीन बाप गोट्या आणि विटी-दांडू घेऊन आले. जयंत्या, दिन, परीक्षा, लसीकरण, यातलं बरंच वर्षाच्या सुरुवातीलाच ठाऊक असतं. केंद्रप्रमुख साहेबांनी शुक्रवारी एक संदेश टाकला, की पुढच्या आठवड्यात अमुक शिक्षक अमुक दिवशी लागतील, तर निम्मं काम होईल. आमच्या केंद्रात ही मागणी आम्ही मांडली आहे. उरलेल्या अचानक येणाऱ्या कामांसाठी आम्ही फलकावर खाली एक ओळ कोरीच ठेवतो.

काय लिहायचं नाही याचीही मर्यादा हवी. शिक्षक रजेवर आहेत एवढं पुरे. आजारपण आहे, घरी भांडण आहे की मुलाखत आहे, हे गावाच्या कामाचं नाही. कोणत्या मुलाला वाचता येत नाही, कोणाची गैरहजेरी किती, ही नावं तर फलकावर कधीच नकोत. ते बोलणं त्या घरी जाऊन करायचं असतं.

एक प्रश्न आमच्या भागात फलकाने सुटत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं जातात. काही मुलं आजी-आजोबांजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात, काही कोयत्याबरोबर कारखान्यावर जातात. जाणाऱ्या आईबापाला दारातला फलक काय दिसणार? म्हणून या वर्षीपासून शनिवारी चौथीतलं एक मूल फलक वाचतं, मी फोनवर त्याचा आवाज भरते आणि फडावर असलेल्या पालकांना पाठवते. मिनिटभराचा आवाज. आज नऊ घरांना जातो. सात ठिकाणांहून उलट उत्तर येतं, बहुतेक वेळा रात्री उशिरा, टोळी गाडी भरून आल्यावर. त्यातली एक आई दर वेळी एवढंच विचारते, ‘मॅडम, या आठवड्यात तुम्ही आहात ना?’ उरलेल्या दोघांचे फोन बंद लागतात. त्यांचे मुकादम कोण, हे सर सध्या शोधत आहेत.