मारा, पण शिकवा!

दिवाळीच्या फराळात हा विषय म्हणजे करंजीत खडा, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. मी गेली वीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षण मॅट्रिक आणि पुढे चित्रकलेचा कोर्स, एवढेच. कादंबऱ्या लिहिते, म्हणून चार लोक ओळखतात. पण आजची गोष्ट कल्पित नाही.

सहावीतला एक मुलगा ब्रश धरीना. मी त्याला आळशी म्हटले. तास संपताना त्याची बोटे दिसली. पट्टीच्या कडेने मारलेली, सुजलेली. मारणारे आमच्याच शिक्षकखोलीतले. मी काय केले? “घरी जाऊन हळद लाव,” म्हटले आणि पुढच्या वर्गावर गेले. दुसऱ्या दिवशी वडील आले. तक्रार करायला नव्हे! हात जोडून म्हणाले, “मारा, पण शिकवा.” मुख्याध्यापकांनी चहा मागवला. प्रकरण मिटले. मुलाची मूठ मात्र आठ दिवस मिटत नव्हती.

शिक्षणहक्क कायदा २००९चा. त्याचे कलम १७ मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी करते. २०१२चा पोक्सो कायदा तर सांगतो की, मुलावरचा लैंगिक अत्याचार कळूनही जो कळवत नाही, तो स्वतःच शिक्षेस पात्र. २०२४मध्ये बदलापुरात लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा आम्ही शिक्षकखोलीत हळहळलो. पण आपल्याच शाळेत असे काही कळले, तर पहिला फोन कोणाला करायचा, हे एकालाही सांगता येईना.

निवडणुकीच्या कामाला नेतात, तेव्हा मतदानयंत्र बंद पडले तर कोणाला कळवायचे, काय लिहून ठेवायचे, हे आमच्याकडून घोकून घेतात. यंत्राची एवढी काळजी! मूल मोडले तर काय करायचे, हे मला वीस वर्षांत कोणी शिकवले नाही.

यावर उत्तर ठरलेले: “मायेचे कसले प्रशिक्षण? ती आतूनच यावी लागते.” अहो, माया माझ्याजवळ होती. तिने हळद सुचवली! पुढचे मला येत नव्हते. मूल बोलू लागले की त्याची उलटतपासणी घेऊ नये. “कोणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नये. त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. १०९८ला किंवा पोलिसांना कळवावे. आणि भरल्या वर्गात आपलाच संताप अनावर झाला, तर हात कसा आवरावा? हे सारे शिकवता येते, सराव करून घेता येतो. सही करून चहा पिण्याच्या शिबिरात मात्र ते होत नाही.

पालकहो, सुट्टीनंतर शाळा उघडली की मुख्याध्यापकांना एवढेच विचारा, “तुमच्या शिक्षकांना हे कधी शिकवलेत?” आणि नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फोडाल ना, तेव्हा “मारा, पण शिकवा” हे वाक्यही त्याच्याबरोबर चिरडून टाका. कडू तेही तितकेच आहे.