पत्ता अंगावरच लिहिलेला!

फराळाचा डबा परगावच्या लेकीकडे धाडताना आपण पत्ता तीनतीनदा तपासतो. आपल्या शरीरातल्या पेशी असा माल रात्रंदिवस रवाना करीत असतात. आणि पत्ता वेगळ्या कागदावर नव्हे, मालाच्या अंगावरच लिहिलेला असतो!

पेशीभोवती स्निग्ध पापुद्रा असतो. मिलिमीटरचे दोन लाख भाग केले, तर त्यातल्या एकाएवढी त्याची जाडी! मीठ-साखर त्यातून सहजी जात नाही. म्हणून त्यात प्रथिनांच्या खिडक्या बसवाव्या लागतात. खिडकी घडते पेशीच्या आत आणि लागते कडेला. तिला वाट दाखवतो कोण?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सॅबाटिनी यांनी १९७१ साली सुचवले, की पत्ता प्रथिनातच असावा. पुढे ते सिद्ध झाले आणि १९९९ साली ब्लोबेलना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची माळ. ती ओवली जात असतानाच पाण्याला टाळणाऱ्या वीसेक मण्यांचा तुकडा पुढे येतो. हाच पत्ता! एक जासूद तो ओळखतो आणि ओवणाऱ्या यंत्रासकट माळ पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यापाशी नेतो. तिथल्या दारातून माळ शिरते. हे दार बाजूनेही उघडते. त्यातून पाण्याला टाळणारे तुकडे सरकून स्निग्ध पापुद्र्यात बसतात. मग तपासनीस घडी नीट बसली का ते पाहतात, आणि पास झालेला माल इवल्या फुग्यांतून कडेला पोचतो.

हे केवळ पंडितांचे कौतुक नव्हे. ‘सिस्टिक फायब्रोसिस’ झालेल्या बाळाचा पापा घेतला, तर आईच्या ओठांना खारट लागते. मिठाची खिडकी बिघडल्यामुळे घाम खारट होतो, फुप्फुसांत चिकट कफ साठतो. १९८९ साली या खिडकीचा जनुक सापडला. माळेत मणी १४८०. बहुतेक रुग्णांत ५०८वा, एकच मणी गळालेला! अशी खिडकी कडेला पोचलीच, तर थोडेफार काम करू शकते. पण तपासनीस तिला वाटेतच अडवून मोडीत काढतो. मला तर एका गुणाने नापास झालेल्या हुशार पोराची आठवण होते.

२०१९ साली अमेरिकेत तीन औषधांच्या एका मिश्रणाला मान्यता मिळाली. त्यातली दोन खिडकीची घडी सावरून तिला तपासणीतून पार करतात. तिसरे ती उघडी ठेवते. कित्येक रुग्णांचा श्वास त्याने मोकळा झाला. मात्र तेव्हा त्याची किंमत होती वर्षाला तीन लाख डॉलरांहून अधिक!

हा रोग भारतातल्या मुलांतही आढळतो. अडलेली खिडकी जागेवर कशी न्यावी, हे शास्त्रज्ञांनी शोधले. आता ते औषध सामान्यांच्या घरी पोचवण्याचे काम तुमच्या-माझ्या समाजाचे आहे, असे मला वाटते.