संगणकांतील न दिसणारे सेवक



आंब्याच्या मोसमांत रत्नागिरीच्या आसपासच्या बागांतून रात्रीं विजेऱ्यांचे उजेड फिरतांना दिसतात. बहुतेक राखणदारांचे असतात. एखादा चोराचाही असूं शकतो. दुरून पाहणारास दोन्ही सारखेच. जो मालक आपले राखणदार ओळखीत नाहीं, त्याची बाग राखण असूनही उघडीच म्हणावयाची. घरच्या संगणकाविषयीं आपल्यापैकीं बहुतेकांची स्थिति अशीच आहे, असें माझें मत झालें आहे.

याचा धडा मी स्वतःच्या चुकीनें शिकलों. गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेचे गुण मी घरीं संगणकावर भरीत बसलों होतों. यंत्र फार मंद चालूं लागलें, म्हणून मीं कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडला. तेथें शंभराहून अधिक नांवें पाहून मी दचकलों. आपण तर एकच तक्ता उघडलेला. मग हीं सारीं मंडळी कोठून आली? जें नांव अपरिचित तें शत्रूचें, असें समजून मी एकामागून एक नांव बंद करीत सुटलों. यंत्रानें सावध केलें, परंतु ती सूचना न वाचतांच मीं होकार दिला. क्षणांत सारें बंद पडलें, आणि जतन न केलेले दोन वर्गांचे गुण नाहींसे झाले. दोष यंत्राचा नव्हता. माझ्या अज्ञानाचा होता.

पुढें माहिती मिळवितां कळलें, कीं त्या यादींतील बहुतेक मंडळी आपलीच चाकरी करीत असतात. कोणी छपाईची रांग लावतो, कोणी वायफायची जोडणी राखतो, कोणी घड्याळ बरोबर ठेवतो. ‘एलसॅस’ नांवाचा सेवक आपला पासवर्ड तपासतो. त्यास बळेंच थांबविलें तर यंत्र नव्यानें सुरू करणें भाग पडतें. ‘सर्व्हिस होस्ट’ हें नांव पुनःपुन्हां दिसतें, त्याचें कारणही साधें आहे. पूर्वीं अनेक सेवक एकाच छपराखालीं राहत. एक कोसळला कीं त्याच्याबरोबर इतरही कोसळत. म्हणून २०१७ सालच्या विंडोज १० च्या एका सुधारणेपासून, साडेतीन जीबीहून अधिक मेमरी असलेल्या यंत्रांत बहुतेकांस स्वतंत्र खोली मिळाली. यादी लांबली ती बिघाडामुळें नव्हे. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ पुढें ९५ टक्के पाहून घाबरणारेही आहेत. वास्तविक तो आंकडा प्रोसेसर किती रिकामा आहे, एवढेंच सांगतो.

मग सर्वांवर डोळे मिटून विश्वास टाकावा काय ? तसेंही नाहीं. २०१७ या एकाच वर्षानें जगास दोन परस्परविरुद्ध धडे दिले. मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’ नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें देशोदेशींचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिला होता. ज्यांच्या यंत्रांत ती सुधारणा पोंचली नव्हती, ते सांपडले. २७ जून रोजीं ‘नॉटपेट्या’ उलट वाटेनें आला. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या सुधारणेंतून, म्हणजे राखणदाराच्याच वेषानें, तो आंत शिरला. तो मर्स्क या जहाजकंपनीच्या यंत्रांत पसरला, आणि आपल्याच कोंकणांतील न्हावा-शेवा बंदरांत त्या समूहाच्या टर्मिनलचें काम ठप्प झालें. राखणदार दूर ठेवल्याचें फळ पहिल्यानें दाखविलें; वेषावर भुलल्याचें दुसऱ्यानें.

या अज्ञानावर पोट भरणारे लोकही आहेत. नामांकित कंपनीचे नांव सांगून ते दूरध्वनी करितात, हीच यादी उघडावयास लावतात, “पाहा, हे सारे चोर” असें म्हणतात आणि भोळ्या मनुष्याकडून पैसे उकळतात. ज्यास यादी वाचतां येते, त्याच्यापुढें हें सोंग टिकत नाहीं.

म्हणून माझें म्हणणें असें, कीं संगणकाच्या तासांत टंकलेखनाबरोबर ही यादी वाचावयासही शिकवावें. यंत्र निरोगी असतांना ती उघडावी, म्हणजे आजारांत परका चेहरा ओळखूं येईल. एखाद्या नांवाचा संशय आला, तर तें कोणत्या फोल्डरांतून चालतें व त्याचा कर्ता कोण, हें पाहावें. खरा ‘सर्व्हिस होस्ट’ सामान्यतः विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ या फोल्डरांत असतो. तेंच नांव घेऊन कोणी अन्यत्र राहत असेल, तर जाणत्यास विचारावें. यंत्र सुरू होतांच विनाकारण उठून बसणाऱ्यांस मात्र खुशाल रजा द्यावी. आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी. कारण वेषधारी चोर कधीं कधीं शहाण्यासही फसवितो.

येत्या सुटींत आपल्या यंत्रांतील दहा नांवें वहींत उतरून घ्या, व प्रत्येकापुढें त्याचें काम लिहा. ज्याचें काम कळलें नाहीं, त्यास बंद करूं नका, आधीं विचारा.