'साधा' शब्दाचे अवघडपण

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. दोन्ही प्रसंगी भाषेच्या प्राचीनत्वाची पुष्कळ चर्चा झाली. परंतु दिल्लीत मराठी शिकणाऱ्या हिंदीभाषी विद्यार्थ्याला अडविणारे शब्द बहुधा प्राचीन नसतात. ते नित्य वापरातले असतात. 'साधा' हे विशेषण त्यांपैकीच एक होय.

हिंदीत 'सादा' आहे, तेव्हा हा शब्द निराळा शिकविण्याची गरज नाही, असा समज आढळतो. कागद किंवा जेवण यांपुरता तो निभावतोही. पण साधा ताप हिंदीत 'मामूली' होतो, साधी बस 'साधारण' होते, साधा माणूस 'सीधा-सादा' ठरतो आणि व्याकरणातला साधा भूतकाळ 'सामान्य' होतो. येथवर कोश साहाय्य करू शकतो.

खरी अडचण नकारात आहे. 'त्यांनी साधे पाणीही विचारले नाही' या वाक्यात पाणी कसले होते, हा प्रश्नच नाही. 'साधे' हे लिंगवचनाने पाण्याशी जुळते. त्याचा रोख मात्र नकारावर असतो. जे कोणीही कोणाला देते, तेही दिले नाही, असा त्याचा भाव. हिंदीत येथे 'पानी तक' असेच म्हणावयास हवे. 'सादा पानी' लिहिणारा अनुवादक गाऱ्हाण्याचे रूपांतर पेयाच्या वर्णनात करून टाकतो.

हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बजावला गेलेला हक्क पाण्याचाच होता. दलित आत्मकथनांच्या अनुवादकाला असे वाक्य केव्हाही भेटेल. आणि हिंदी अनुवादावरून तिसऱ्या भाषेत अनुवाद झाला, तर हिंदीत हरवलेला भाव तेथे पुन्हा सापडणार नाही.

असे शब्द सहवासाने आपोआप येतात, असे कोणी म्हणेल. पुण्यात राहणाऱ्यास ते येतीलही. दिल्लीतील विद्यार्थ्यास तो सहवास क्वचितच लाभतो. म्हणून पाठ्यपुस्तकांनी अशा विशेषणांपुढे एकेक प्रतिशब्द न देता होकारार्थी व नकारार्थी वाक्यांच्या जोड्या द्याव्यात. अवघड शब्दासाठी विद्यार्थी कोश उघडतो. 'साधा' दिसला की तो उघडतच नाही, आणि नेमका तेथेच फसतो.